स्पेनला शिकायला निघालात? स्पॅनिश बोलताना आणि तिथे रुळताना या चुका टाळा

स्पेनमधल्या सालामांका शहरातल्या पहिल्या महिन्यात मला सगळ्यात जास्त भीती जेवणाच्या टेबलाची वाटायची. घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. दुपारी अडीचला पानं मांडायच्या आणि जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवून तासभर गप्पा मारत बसायच्या. या जेवणानंतरच्या बैठकीला स्पॅनिशमध्ये खास शब्द आहे, सोब्रेमेसा. त्यांची मुलगी यायची, शेजारीण यायची, सगळ्या एकाच वेळी बोलायच्या. मी हसरा चेहरा ठेवून 'सी' आणि 'ग्राथियास', म्हणजे 'हो' आणि 'धन्यवाद', एवढंच म्हणायचे. माझ्याकडे ए-२ पातळीचं, म्हणजे सहांपैकी दुसऱ्या पायरीचं, प्रमाणपत्र होतं, सगळे काळ पाठ होते. साताऱ्यात शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा जिंकत आलेली मुलगी त्या टेबलावर एक वाक्य बोलू शकत नव्हती.

आता नऊ वर्षं मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. दरवर्षी दोन-चार विद्यार्थी एका सत्रासाठी किंवा वर्षासाठी स्पेनला जातात आणि ऑक्टोबर उजाडला की त्यांचे फोन यायला लागतात. तक्रारी बहुतेक त्याच असतात आणि त्यामागच्या चुकाही त्याच. मातृभाषेत आपली जी हुशार, हजरजबाबी प्रतिमा असते, ती दुसऱ्या भाषेत सांभाळून ठेवायचा हट्ट या बहुतेक चुकांच्या मुळाशी असतो. तो हट्ट सोडणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजीच्या दारातून आत शिरणं

ही मला सर्वांत मोठी चूक वाटते, कारण ती करताना कळतही नाही. आपल्याकडची पाठ्यपुस्तकं, मोबाइलवरची अ‍ॅप्स, व्याकरणाचे व्हिडिओ सगळं इंग्रजीतून असतं. त्यामुळे स्पॅनिश वाक्य बनवताना आपण आधी मराठीतून इंग्रजीत जातो आणि मग तिथून स्पॅनिशमध्ये. या दुहेरी प्रवासात आपल्याला जे आधीच येत असतं तेच हरवतं.

सगळ्यात सोपं उदाहरण आवडण्याचं. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते', आणि 'मे गुस्तान लोस लिब्रोस' म्हणजे 'मला पुस्तकं आवडतात'. क्रियापद पुस्तकांप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. मराठीत अगदी असंच होतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही रचना उलटी वाटते, तिच्यावर अख्खा धडा खर्च होतो. आपण मात्र जन्मापासून 'मला आवडतं, मला वाटतं, मला लाज वाटते' असंच बोलत आलोय. तरीही माझे विद्यार्थी पहिल्या महिन्यात 'यो गुस्तो' म्हणतात, कारण डोक्यात इंग्रजीतला 'मी' कर्ता होऊन बसलेला असतो.

दुसरं उदाहरण मला फार प्रिय आहे. हातातून ग्लास पडून फुटला की स्पॅनिश माणूस 'मी ग्लास पाडला' म्हणत नाही. तो म्हणतो, 'से मे कायो एल बासो'. याचं इंग्रजी करायला बसलात तर दमून जाल. मराठीत ते सरळ आहे: 'माझ्या हातून ग्लास पडला.' 'से मे ओल्बिदो' म्हणजे 'माझ्याकडून राहून गेलं'. चूक झाली आहे पण मुद्दाम केलेली नाही, हे वाक्याच्या घडणीतूनच सांगायची सोय दोन्ही भाषांत आहे.

आणि तो सुबखुंतिबो, म्हणजे इच्छा-शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप, ज्याच्या नावाने बी-१ पातळीचे विद्यार्थी रडतात. 'मला जायचंय' म्हणजे 'किएरो इर'. 'तू जावंस असं मला वाटतं' म्हणजे 'किएरो के बायास'. मराठीत 'जायचं'चं 'जावंस' झालं, तिकडे 'इर'चं 'बायास'. इच्छा एकाची आणि कृती दुसऱ्याची असली की दोन्ही भाषा क्रियापदाचं रूप बदलतात. 'पाऊस पडावा' यातला 'पडावा' स्पॅनिशमध्ये 'ओख़ाला' या शब्दानंतर येतो. हा शब्द अरबीतून आलेला, 'देवाने इच्छिलं तर' अशा अर्थाचा. वर्गात मी आता सुबखुंतिबोची सुरुवात यावं-जावं-पडावं यांनीच करते. अर्थात ही जोडी सगळीकडे जुळत नाही. 'तो येईल असं मला वाटत नाही' या वाक्यात आपण साधा भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिशमध्ये तिथेही सुबखुंतिबो लागतो. शंका आणि नकार यांची वाक्यं म्हणूनच वेगळी पाठ करावी लागतात.

भूतकाळाचंही तसंच. 'लहानपणी मी नदीवर जायचे' यातलं 'जायचे' म्हणजे 'इबा', आणि 'काल नदीवर गेले' यातलं 'गेले' म्हणजे 'फुइ'. या दोन भूतकाळांतला फरक इंग्रजीतून समजून घ्यायला महिने जातात. मराठी माणसाने मनात 'जायचे की गेले?' एवढं विचारलं तरी बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं.

मराठी जिथे हात देत नाही ती जागाही सांगायला हवी, ती म्हणजे 'सेर' आणि 'एस्तार'. आपल्याकडे दोघांना मिळून एकच 'आहे'. पुस्तकं सांगतात, कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम धरून बसू नका. माद्रिद स्पेनमध्ये आहे, हे काही तात्पुरतं नाही, तरी तिथे एस्तार लागतं. माणूस मेलेला आहे, यापेक्षा कायमचं काय असणार? तिथेही एस्तार. उलट पार्टी माझ्या घरी आहे, एका रात्रीपुरती, तर तिथे सेर. मी जोड्या पाठ करायला सांगते. 'सोय लिस्ता' म्हणजे मी हुशार आहे, 'एस्तोय लिस्ता' म्हणजे मी तयार आहे. 'सोय आबुर्रिदा' म्हणजे मी कंटाळवाणी आहे, 'एस्तोय आबुर्रिदा' म्हणजे मला कंटाळा आलाय. अशा वीस जोड्या तोंडात बसल्या की कान आपोआप तयार होतो.

इंग्रजीच्या दारात काही खड्डेही आहेत. ओशाळल्यासारखं झालं म्हणून कुणी 'एम्बाराथादा' म्हटलं, तर त्याचा अर्थ गरोदर होतो. 'कोन्स्तिपादो' म्हणजे बद्धकोष्ठ नाही, सर्दी. 'एक्सितो' म्हणजे बाहेर जायचा रस्ता नाही, यश. 'कार्पेता' म्हणजे गालिचा नाही, कागद ठेवायची फाइल. उकडतंय म्हणून कुणी 'एस्तोय कालिएन्ते' म्हणू नये, त्याचा अर्थ लैंगिक होतो. 'तेंगो कालोर' म्हणावं.

त्यापेक्षा आपल्या घरातले शब्द बघा. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि पोर्तुगिजांनी कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावरून कितीतरी शब्द मराठीत सोडले. आपला 'पगार' आणि स्पॅनिश 'पागार', म्हणजे पैसे देणं, हे एकच. दाराची 'बिजागरी' म्हणजे 'बिसाग्रा'. 'पाव' आणि 'पान', 'नाताळ' आणि 'नाबिदाद' एकाच कुळातले. 'बटाटा' तर कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या भाषेतून निघून पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. स्पेनमध्ये त्याच शब्दाची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या, बटाट्यासाठीच्या 'पापा' या शब्दाशी सरमिसळ होऊन 'पाताता' झाला. माझ्या हातची बटाट्याची भाजी खाताना घरमालकीणबाईंना मी हे मोडकंतोडकं का होईना सांगितलं, तेव्हा त्या टेबलावर पहिल्यांदा सगळ्या गप्प बसून माझं ऐकत होत्या.

कॉफी मागताना जास्त सभ्य होणं

हाही इंग्रजीचाच परिणाम, पण वेगळा सांगते. आपली मुलं स्पॅनिश बारमध्ये जाऊन 'पुएदो तेनेर उन काफे, पोर फाबोर' म्हणतात, म्हणजे 'मला एक कॉफी मिळू शकेल का, कृपया'. समोरच्याला कळतं, पण तसं तिथे कुणी बोलत नाही. 'मे पोनेस उन काफे?' एवढं पुरतं, म्हणजे 'एक कॉफी देतोस का?' टपरीवर आपण 'दादा, एक चहा द्या' म्हणतो, तितकंच. तिथे आपण 'कृपया' कधी म्हणतो? आपुलकी 'दादा'मधून आणि आवाजातून पोचते. स्पेनमध्येही आवाजातूनच पोचते.

यातूनच तू आणि तुम्हीचा प्रश्न येतो. आपली वळणं अशी की वडीलधाऱ्यांना 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही'च म्हणायचं. मीही तेच करत होते. दुसऱ्या आठवड्यात घरमालकीणबाई म्हणाल्या, 'तुतेआमे'. 'तुतेआर' या क्रियापदाला मराठीत नेमका शब्द आहे, अरेतुरे करणं. मला अरेतुरे कर, असं सत्तरीची बाई सांगत होती आणि माझी जीभ वळत नव्हती. मी आणखी महिनाभर उस्तेदच म्हणत राहिले, आदर म्हणून. त्यांना ते दूर ठेवल्यासारखं वाटत होतं, हे मला त्यांच्या मुलीने नंतर सांगितलं. त्या रात्री मला सुचलं की मी माझ्या आजीला 'अहो' म्हणत नाही. आजीला आपण 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो, विठोबालाही 'तू'च म्हणतो. मनात त्यांना आजीच्या जागी बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून 'तू' सहज यायला लागलं.

स्पेनमध्ये बरेच प्राध्यापकही विद्यार्थ्यांकडून 'तू' ऐकून घेतात. सुरुवात उस्तेदने करा, पण समोरच्याने 'तू' म्हणायला सांगितलं की लगेच बदला. शिवाय अनेक अ‍ॅप्स लॅटिन अमेरिकेची स्पॅनिश शिकवतात आणि 'बोसोत्रोस', म्हणजे अनेकांना उद्देशून म्हणायचं अनौपचारिक 'तुम्ही', गाळून टाकतात. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याशी बोलायला तेच रूप लागतं, त्यामुळे जायच्या आधी ते शिकून घ्या.

'ट' आणि 'ड' घेऊन विमानात बसणं

स्पॅनिश त आणि द हे आपल्या त आणि द सारखे दातांना जीभ लावून उच्चारायचे असतात. इंग्रजी माणसाला ते मुद्दाम शिकावं लागतं. आपल्याकडे ते तयार असतात, तरी इंग्रजी लिपी डोळ्यांपुढे आली की आपण 'टोडो', 'डोस' म्हणायला लागतो. 'तोदो', 'दोस' म्हणा. 'ञ' हे अक्षर आपण बालवाडीत गिरवतो, स्पॅनिशमध्ये ते रोज लागतं. 'आञो' म्हणजे वर्ष. तिथे नुसता न म्हटला किंवा टाइप करताना वरची नागमोडी रेघ विसरली तर शब्दाचा अर्थ गुदद्वार होतो. वय सांगताना सांभाळा. ब आणि व यांत स्पॅनिशमध्ये फरक नाही, ह लिहितात पण बोलत नाहीत. एकेरी र आपला नेहमीचा, दुहेरी र मात्र घोळवून थरथरवायचा. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा.

आपल्याला खरं अडवतो तो आघात. मराठीत शब्दाच्या कुठल्याही अक्षरावर जोर दिला तरी अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपले कान तिकडे लक्षच देत नाहीत. स्पॅनिशमध्ये 'आब्लो' या शब्दात 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलते', आणि 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. मी महिनाभर दुसऱ्यांच्या गोष्टी माझ्या म्हणून सांगत होते आणि लोक गोंधळत होते. नियम सोपा आहे: शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नसेल तर शेवटच्या अक्षरावर, आणि अपवाद असेल तर वर तिरकी रेघ काढलेली असते. दररोज दहा मिनिटं टाळी वाजवत मोठ्याने वाचा. पंधरा दिवसांत फरक पडतो.

वाक्य बरोबर होईपर्यंत गप्प बसणं

आता मी माझ्या टेबलावर परत येते.

मी गप्प होते, कारण मला चुकायचं नव्हतं. डोक्यात वाक्य जुळवायचे, लिंग-वचन तपासायचे आणि तोंड उघडेपर्यंत विषय निवडणुकीवरून शेजारच्या लग्नावर गेलेला असायचा. मला वाटायचं, भाषा पुरेशी आली की बोलेन. ती बोलल्याशिवाय येत नाही हे पुस्तकी ज्ञान मलाही होतं. अडचण ज्ञानाची नव्हती. आपण बावळट दिसू, लोक आपल्याला कमी समजतील, आपण खरं कोण आहोत हे यांना कधीच कळणार नाही, असं आतून वाटत होतं. हे फार खरं दुःख आहे. ज्याची ओळखच शब्दांवर उभी आहे त्याला तर ते जास्त होतं. अशा विद्यार्थ्याला मी 'घाबरू नकोस' असं सांगत नाही. मी त्याला एक वही घ्यायला लावते.

ती वही अशी. रात्री झोपण्यापूर्वी, दिवसभरात जे बोलायचं होतं आणि बोलता आलं नाही ते मराठीत लिहायचं. फक्त तीन वाक्यं, पण मनातली, खरी. 'मुलगी आईवर ओरडली तेव्हा मला माझी आई आठवली.' 'तुम्ही डाळीत काय घालता ते मला शिकायचंय.' मग ती तीन वाक्यं स्पॅनिशमध्ये बसवायची, अडलं तर शिक्षकांना किंवा घरातल्या कुणाला विचारायचं, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांतलं एक तरी बोलायचं. शिळं झालं तरी चालेल. डाळीचं वाक्य मी तीन दिवसांनी बोलले. घरमालकीणबाई उठल्या, मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि पुढचा एक तास मी स्पॅनिश बोलत होते. वर्षाच्या शेवटी त्या वहीत सहाशेहून जास्त वाक्यं होती. पाठ्यपुस्तकात नसलेली, माझी.

दुसरा उपाय म्हणजे वेळ मिळवून देणारे शब्द. मराठीत आपण 'म्हणजे', 'बघा', 'त्याचं काय आहे ना' असं म्हणत विचार करतो. स्पॅनिशमध्ये 'ओ सेआ' म्हणजे 'म्हणजे', 'आ बेर' म्हणजे 'बघू', 'पुएस' म्हणजे 'तर मग', आणि 'एस के' म्हणजे नेमकं 'त्याचं काय आहे ना'. हे चार शब्द पहिल्या आठवड्यात उचला. तुम्ही 'एस के' म्हणून थांबलात की समोरचा वाट बघतो, त्याला कळतं की काहीतरी येतंय. नुसतं गप्प राहिलात तर तो दुसऱ्याकडे वळतो. आणि तिथे दोघांनी एकदम बोलणं उद्धटपणाचं नसतं. आपल्या वाड्यातल्या ओसरीवरच्या गप्पा आठवा. मध्येच बोललात तर कुणाला राग येत नाही.

परीक्षेच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. देले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेच्या बी-२ पातळीला वाचन आणि लेखन यांचा एक गट असतो, ऐकणं आणि बोलणं यांचा दुसरा. प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० गुण लागतात, एकातले जास्तीचे गुण दुसऱ्याला उपयोगी पडत नाहीत. वाचन-लेखनाच्या गटात ४५ आले तरी बोलण्याच्या गटात २८ म्हणजे नापास. आपली हुशार मुलं इथेच अडकतात. देलेचं प्रमाणपत्र कायमस्वरूपी असतं, सिएले या दुसऱ्या स्पॅनिश परीक्षेचं पाच वर्षं चालतं. पुढे नोकरीसाठी दाखवायचं असेल तर हा फरक लक्षात ठेवून निवडा.

सालामांकात राहून इंग्रजीत जगणं

सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं. स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण अँतोनियो दे नेब्रिखा यांनी १४९२ साली याच गावात प्रसिद्ध केलं. त्यामुळे जगभरातून लोक इथे स्पॅनिश शिकायला येतात, आणि नेमकी हीच अडचण आहे. परदेशी विद्यार्थी आपापसात इंग्रजी बोलतात, एकत्र फिरतात, एकत्र घर घेतात. वर्ष छान जातं, दोस्त मिळतात, स्पॅनिश मात्र ए-२च्या पुढे हलत नाही. त्यात भर म्हणून भारतीय मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आणि घरी रोज दोन तास व्हिडिओ कॉल.

मी कुणालाही मराठी सोडायला सांगत नाही, उलट मराठीच तुमची मदतनीस आहे. पण घरच्यांशी बोलायची वेळ ठरवून घ्या. माझा फोन रविवारी आणि बुधवारी असायचा, आईला सुरुवातीला फार लागलं, मग तिने तिच्या मैत्रिणींबरोबर फिरायला जाणं सुरू केलं. शक्य असेल तर स्थानिक कुटुंबात किंवा स्पॅनिश मुलींच्या फ्लॅटमध्ये राहा. आणि रोज जायची एक जागा ठरवा. माझी जागा प्लाथा मायोर या मुख्य चौकाजवळच्या मेर्कादो सेंत्राल या मंडईतला एक भाजीचा गाळा होता. तिथल्या काकांशी पहिल्या महिन्यात दोन शब्द, डिसेंबरात त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकीकत. अनोळखी शंभर लोकांशी एकेकदा बोलण्यापेक्षा एकाच माणसाशी शंभरदा बोललात तर त्याला तुमचं कालचं वाक्य आठवतं, आणि संवाद तिथून पुढे जातो.

भेटायचं ठरलं की गावातली सगळी मंडळी 'घड्याळाखाली' म्हणतात, म्हणजे प्लाथा मायोरमधल्या मोठ्या घड्याळाखाली. कुणी तुम्हाला तिथे बोलावलं तर दमला असलात तरी जा.

सातला जेवून घेणं

स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊ-दहाला. सातला खिचडी खाऊन खोलीत बसलात तर सगळ्या गप्पांना मुकाल. छोटी दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात ती पाचला उघडतात, रविवारी बहुतेक बंदच. शनिवारी दूध-भाजी आणून ठेवा.

शाकाहारी मंडळींनी नुसतं 'कार्ने', म्हणजे मांस, 'नको' म्हणू नये. अनेकांच्या लेखी खामोनचे, म्हणजे हॅमचे, तुकडे आणि टूना हे 'मांसा'त येत नाहीत. मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, असतो, मिश्र सॅलडवर टूना असतो. 'मांस नाही, खामोन नाही, मासे नाहीत, टूना नाही' असं सगळं नावं घेऊन सांगा. तोर्तिया दे पातातास म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, त्यात अंडं असतं.

फॉर्मवर वडिलांचं नाव चुकीच्या रकान्यात

ही चूक खास आपली. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं बहुधा वडिलांकडचं आणि दुसरं आईकडचं. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिहेरी रचना पाहिली की तिथला कारकून वडिलांच्या नावाला पहिलं आडनाव समजतो. माझ्या बँकेच्या खात्यावर तसंच झालं आणि विद्यापीठाच्या कागदांशी नाव जुळेना. दोन महिने हेलपाटे घातले. पासपोर्टमध्ये नावाच्या रकान्यात जे आहे ते सगळं 'नोंब्रे'मध्ये लिहा, आडनाव 'प्रिमेर आपेयिदो'मध्ये, आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. व्हिसा, बँक, परीक्षा, सगळीकडे हेच. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे तिएसाठी, अर्ज करावा लागतो. त्याची आगाऊ वेळ, थिता प्रेबिया, मिळायला दिवस लागतात, त्यामुळे पोचलेल्या आठवड्यातच प्रयत्न सुरू करा. नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी असते, ती त्याआधी उरका.

नोव्हेंबरला अपयश समजणं

सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. नोव्हेंबरात धुकं उतरतं, रात्री पारा शून्याजवळ जातो, संध्याकाळी सहाला अंधार. याच सुमारास भाषेची प्रगतीही थांबल्यासारखी वाटते, कारण सुरुवातीचे सोपे शब्द संपलेले असतात आणि अवघड अजून आलेले नसतात. त्यात घरच्या दिवाळीचे फोटो. माझा एक विद्यार्थी या दिवसांत परत यायचं तिकीट काढून बसला होता. मी त्याला एवढंच सांगितलं, तिकीट ठेव, पण आधी दोन आठवडे थांब आणि वही वाच. पहिल्या पानावरचं वाक्य आणि आजचं वाक्य शेजारी ठेवल्यावर त्याला स्वतःलाच दिसलं. तो राहिला.

पण वही वाचूनही झोप लागत नसेल, वर्गाला जावंसं वाटत नसेल, जेवण सुटलं असेल, तर आपल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाची सोय कुठे आहे ते विचारा आणि तिथे जा. 'मे दा बेर्ग्वेन्था', मला लाज वाटते, एवढं एक वाक्य बोललात तरी तिथून पुढचं बोलणं सुरू होतं. कुणा एका मित्राला किंवा मैत्रिणीला तरी सांगून ठेवा.

परत आल्यावर भाषा आपोआप टिकेल असं धरून चालणं

टिकत नाही. ऐकलेलं कळत राहतं, बोलणं चार महिन्यांत जड व्हायला लागतं. निघायच्या आदल्या रात्री घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या, 'किएरो के बुएल्बास'. 'तू परत यावंस', असं मला थेट मराठीतच ऐकू आलं. माझं परत जाणं अजून झालेलं नाही. पण रविवारी त्यांचं जेवण आटोपलं की त्या फोन लावतात. हिवाळ्यात आपलं घड्याळ साडेचार तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेतीन, त्यामुळे कधी आठला, कधी सातला माझा फोन वाजतो. मी ताट वाढून घेऊन बसते. त्यांची मुलगी असते, शेजारीण असते, सगळ्या एकदम बोलतात, आणि मध्येच मीही.